लहरी काउंटची सरदारकी

पियानोच्या काळ्या पट्ट्यांवरून तो संत्री घरंगळवायचा आणि संगीतकार देब्यूसीची आठवण व्हावी असे सूर काढायचा. आंत्वान द सँतेक्झ्युपेरी हा फ्रान्सच्या जुन्या सरदार घराण्यातला काउंट, वैमानिक आणि लेखक. मला त्याच्या या लहरींचंच वेड आहे.

जन्म १९०० चा, लिआँ शहरातला. वडील लवकर गेले. चित्रं काढणाऱ्या आईने मुलांना संगीताची गोडी लावली. आंत्वान व्हायोलिन शिकला. सायकलला चादरींचे पंख बांधून त्याने उडून पाहिलं आणि बाराव्या वर्षी खरोखरच्या विमानात बसला. आपल्या कविता ऐकवायला तो मध्यरात्री भावंडांना उठवी. मोठेपणीही रात्री दोनला मित्रांना फोन करून ताजी पानं वाचून दाखवी. झोप मोडली तरी मित्र ऐकत, कारण इतक्या विश्वासाने कुणी आपल्याला हाक मारावी हेही भाग्यच.

१९२७ मध्ये सहाराच्या कडेला केप ज्युबीच्या विमानतळावर त्याची नेमणूक झाली. एकीकडे समुद्र, दुसरीकडे वाळवंट. टपाल नेणाऱ्या विमानांची इंजिनं वाटेत बंद पडत, वैमानिक टोळ्यांच्या हाती सापडत. त्यांचा शोध घेणं, टोळ्यांशी बोलणी करणं, माणसं सोडवून आणणं त्याच्याकडे आलं. तिथल्या साध्या खोलीत त्याने पहिली कादंबरी लिहिली, आणि एक वाळवंटी कोल्हाही पाळला. ‘छोटा राजकुमार’ या त्याच्या पुस्तकातल्या कोल्ह्याशी त्याची मैत्री अशी जुनी.

ते पुस्तक १९४३ मध्ये न्यूयॉर्कला निघालं, आणि तो दुसऱ्या महायुद्धावर परतला. जुन्या अपघातांनी शरीर इतकं खिळखिळं झालेलं, की उड्डाणाचा पोशाख चढवायलाही मदत लागे. ३१ जुलै १९४४ ला कॉर्सिकाहून टेहळणीसाठी निघालेलं त्याचं विमान परतलं नाही.

मला मात्र १९३५ चा त्याचा मॉस्कोच्या वाटेवरचा रेल्वेप्रवास अधिक मोलाचा वाटतो. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात मायदेशी परतणारे पोलिश मजूर दाटीवाटीने झोपले होते. त्यांच्यातल्या एका झोपलेल्या मुलाच्या चेहऱ्यात त्याला बाल मोझार्ट दिसला, आणि या मुलातलं संगीत उमलण्याआधीच चिरडलं जाणार, या विचाराने तो कळवळला. आई, व्हायोलिन, सगळं त्याला स्वतःला मिळालं होतं. ज्याला बालपण असं भरभरून लाभतं, त्याच्यावर दुसऱ्यांच्या बालपणाचं ऋण असतं. हे ऋण ओळखणं यालाच मी सरदारकी म्हणतो.