आधी कान, मग हात

घोड्याला कॉलरबोन नसतं. त्याचे पुढचे पाय धडाला एकाही हाडाने जोडलेले नाहीत. दोन खवाट्यांच्या मध्ये त्याची छाती स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. उभ्या घोड्याचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. म्हणजे ५०० किलोचा रेसचा घोडा नुसता उभा असला तरी जवळजवळ ३०० किलो या झोळीवर येतात, आणि तो भरधाव सुटला की जमिनीवर टेकणाऱ्या एकेका पायावर त्याच्या सगळ्या वजनाच्या दुपटीहून जास्त जोर येतो. पुण्यात माणसांची फिजिओथेरपी करत असताना खांदा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी सांधा यायचा. इंग्लंडमध्ये घोड्यांच्या मसाजचं शिक्षण घ्यायला गेले आणि खांद्याचा विचारच नव्याने करावा लागला.

दुसरी गोष्ट पायांची. गुडघ्याच्या खाली, आणि मागच्या पायात हॉकच्या म्हणजे मधल्या सांध्याच्या खाली, घोड्याला मसाज करण्याजोगा स्नायू नसतोच. तिथे कंडरा, अस्थिबंध, हाड आणि वर कातडी. त्यामुळे दुखणं खाली खुरात असतं आणि सापडतं वर. डाव्या पुढच्या खुरात सल असेल तर घोडा उजव्या बाजूवर भार घेत राहतो आणि काही दिवसांत उजवा खांदा आवळून येतो. तो खांदा मोकळा करून दिला तर घोड्याला बरं वाटतं, पण खुराकडे बघितलं नाही तर आठवड्याभरात पुन्हा तेच. आवळलेला स्नायू सापडला की हात तिथेच रेंगाळायला बघतो. त्याला पुढे न्यायचं आणि हा स्नायू कुणाचं काम करतोय हे शोधायचं, यावर आमच्या शिक्षिकेचा फार कटाक्ष होता.

तपासताना हात उघडा ठेवून मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत न्यायचा. बघायच्या गोष्टी चारच: ऊब, ताण, पोत आणि दुखरेपणा. पहिल्या तीन हाताला कळतात. चौथी घोड्याने सांगावी लागते, आणि घोडा ती सहजी सांगत नाही. तो शिकार होणाऱ्या जातीचा प्राणी आहे. कळपात लंगडणाऱ्याकडे वाघ-लांडग्यांचं लक्ष आधी जातं, म्हणून दुखणं लपवण्याची सवय त्याच्या रक्तात आहे. तो ओरडत नाही. एक कान किंचित मागे वळतो, नाकपुडी ताणली जाते, डोळ्याच्या वरचा भाग आक्रसून टोकदार दिसायला लागतो, श्वास क्षणभर थांबतो. घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पट्टीच संशोधकांनी २०१४ मध्ये मांडली; कान, डोळे, जबडा, ओठ, नाकपुड्या यांना गुण द्यायचे. आम्हाला सुरुवातीला घोड्याला हातच लावू देत नसत. तबेल्याच्या दाराशी उभं राहून बघायचं आणि लिहायचं. दाब कसा द्यायचा, बोटं कधी वापरायची, कोपर कधी, हे तुलनेने लवकर येतं. या बघण्याला वेळ लागतो, आणि माझ्या मते खरं शिक्षण तेच आहे.

म्हणूनच मी घोडा बांधून मसाज करत नाही. मोहरकीचा दोर कुणीतरी सैल धरायचा, घोड्याला एक पाऊल बाजूला होता आलं पाहिजे. तो सरकला तर हात हलका करायचा किंवा उचलायचा, थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने विचारायचं. बांधलेला घोडा निमूट उभा राहतो आणि आपल्याला वाटतं, त्याला आवडतंय. नकार द्यायची मुभा असूनही जो घोडा थांबतो, त्याच्याच होकाराला अर्थ आहे. स्नायू सैल पडायला लागला की मान खाली येते, जबडा चघळल्यासारखा हलतो, कधी लागोपाठ जांभया येतात. जांभयांवरही भाबडेपणाने विश्वास टाकू नये. पोटात दुखत असलं तरी घोडा जांभया देतो.

घोड्यांचं हे काम पाश्चात्त्य जगात रूढ करण्यात जॅक मीगर या अमेरिकी माणसाचा मोठा वाटा आहे. खेळाडूंच्या स्नायूंवर काम करता करता तो घोड्यांकडे वळला आणि १९८५ मध्ये त्याने घोड्यांच्या स्नायूंच्या दुखापतींवर पुस्तक लिहिलं. पण हाताने घोडा चोळणं त्याच्या कितीतरी आधीचं. गवताची घट्ट वेणी वळून तिने घोड्याच्या मांसल भागांवर लयीत थापा मारणं हे इंग्लंडच्या जुन्या तबेल्यांतलं रोजचं काम होतं. आपल्याकडे खरारा झाल्यावर मालिश करणारा मोतद्दार पिढ्यान्‌पिढ्या होताच. आणि माणसाच्याही आधी घोडेच एकमेकांची मान खाजवत आले आहेत. फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवरचा १९९३ चा एक अभ्यास मला फार आवडतो. घोडे एकमेकांना जिथे सर्वांत जास्त खाजवतात, तिथे, मानेच्या मुळाशी, माणसाने तसंच चोळलं तर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. दुसरीकडे चोळलं तर तसं होत नाही. मी आजही तिथूनच सुरुवात करते.

पुण्याला पावसाळी रेसच्या दिवसांत आले की एका वयस्कर मोतद्दारांकडे जाऊन बसते. मी त्यांना मामा म्हणते. ते मनगटापासून कोपरापर्यंतचा हात वापरतात, अंगाचं वजन हळूहळू त्यावर सोडतात आणि नजर सगळा वेळ घोड्याच्या डोक्याकडे. पहिल्यांदा भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, “ताई, आधी कान बघा, मग हात लावा.” मामा शाळेत फारसे गेलेले नाहीत. या विद्येची कुणी परीक्षा घेतली तर परीक्षकांच्या खुर्चीत त्यांना बसवावं, असं मला मनापासून वाटतं.

हात कुठे लावायचा नाही, हे मात्र पुस्तकातून आणि कायद्यातून शिकावं लागतं. ब्रिटनमध्ये १९६६ चा पशुवैद्यकांविषयीचा कायदा आहे; निदान पशुवैद्यच करणार, आणि आजारी किंवा जखमी जनावरावर काम करायचं तर आधी त्यांची संमती. हे बंधन मला योग्य वाटतं. व्यायामानंतर घोड्याचे पुठ्ठे लाकडासारखे कडक झालेत, दरदरून घाम सुटलाय, तो पाऊल टाकायला तयार नाही आणि लघवी काळपट आहे, तर स्नायूंचे तंतू तुटून त्यांतली द्रव्यं रक्तात उतरताहेत. त्यांचा मार मूत्रपिंडांवर बसतो. बघणाऱ्याला वाटतं, गोळे आलेत, चोळून द्या, जरा फिरवा. दोन्ही करायचं नाही. जिथे आहे तिथेच उभा ठेवायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं. ताप, ताजी दुखापत, नायटा, यांतही मसाज वर्ज्य.

सध्या मला खोगिरांनी पछाडलंय. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानमध्ये घोडा दिवसभर पर्यटक वाहतो, दर फेरीला वेगळ्या वजनाचा, वेगळ्या बसण्याचा माणूस. तिथल्या काही घोड्यांच्या खवाट्यांमागे मला खळगे दिसले, आणि पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके. खोगीर वर्षानुवर्षं एकाच जागी रुतलं की तिथला स्नायू झिजतो, केस पांढरे उगवतात. अशा पाठीला मसाज करून संध्याकाळी थोडा आराम देता येईल, पण सकाळी तेच खोगीर त्याच जागी बसणार. खोगिराखाली मणक्यावर मोकळी जागा हवी, मानेच्या मुळाशी दोन-तीन बोटं सहज गेली पाहिजेत आणि भार अठराव्या, म्हणजे शेवटच्या, बरगडीच्या मागे जाता कामा नये. हे तपासायला ना महाग यंत्र लागतं ना पदवी. घोडेवाल्यांना हे समजत नाही असं नाही. नवं खोगीर परवडत नाही आणि जुन्याची भरती बदलून देणारा जवळ कुणी नसतो. पावसाळ्यात पर्यटक कमी असतात, तेव्हा त्यांच्यापैकी काहींची खोगिरं एकेक करून उसवायची आणि त्यांत नवी लोकर भरायची, असं आमचं ठरलंय. मालिशीचा वर्ग घ्या असा त्यांचा आग्रह आहे, आणि तो मी घेणार आहे, पण दिवाळीनंतर, खोगिरं झाल्यावर.