कानाला खडा

तर झालं असं, की मागच्या महिन्यात एका रविवारी रात्री छोटीचा फोन आला. छोटी म्हणजे माझी मामेबहीण. दहावीत आहे. आवाज एकदम बारीक. "दादा, कानात शिट्टी वाजायला लागलीय. दुपारपास्नं. पप्पांना सांगू नको हं."

आता थोडं मागे जायला हवं. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ मिळवलं, तेव्हा ही आठवीत होती. तसं आमच्या कोल्हापूरला नेमबाजी नवीन नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण मिळवलं. दुधाळीची रेंज सगळ्यांना माहीत. पण ऑलिंपिक म्हटल्यावर काही औरच! छोटीनं हट्ट धरला, मामांनी क्लास लावला. पहिलं दीड वर्ष दहा मीटर एअर रायफल. तिला फारसा आवाज नसतो, त्यामुळे कानाचा विषय कधी निघालाच नाही. यंदा ती पॉइंट टू टूवर आली. त्या दिवशी सर काहीतरी सांगत होते, ऐकू येईना म्हणून हिनं एका कानातला बोळा काढला, आणि त्याच वेळी शेजारच्या लेनमधून गोळी सुटली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शिट्टी थांबली. तरी मी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत सगळं ठीक निघालं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "या वेळी वाचलीस." आणि कानासाठी काय घ्यायचं हे शोधायचं काम ओघानंच माझ्याकडे आलं. घरातला इंजिनिअर ना! प्रिंटर बंद पडला की मी, कान वाजला की मी.

माझी कंपनी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. लक्ष्मी टेकडीपाशी बस वळली की पुढे सगळे कारखाने. माझं काम ईआरपीचं, म्हणजे एसी खोलीतलं. बारकोड स्कॅनर रुसला तरच शॉप फ्लोअरवर जायचं. फेटलिंगच्या दाराशी पिवळ्या फोमच्या बोळ्यांचा डबा टांगलाय. दोन घ्यायचे, कानात खुपसायचे, आत जायचं. चार वर्षं मी हेच करतोय. त्या सोमवारी मी सेफ्टी ऑफिसरना विचारलं, की हेच बोळे रेंजवर चालतील का? त्यांनी माझ्या कानाकडे बघितलं आणि म्हणाले, "आधी तुम्ही तरी नीट घाला. हे कानात नाही, कानाजवळ आहे."

मग त्यांनी रीतसर शिकवलं. बोळा बोटांत वळून वळून बारीक नळीसारखा करायचा. उलट्या हातानं, डोक्यामागून कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे आतला वाकडा रस्ता सरळ होतो. आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा, चांगला अर्धा मिनिट. बरोबर बसला की आपलाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा येतो. मी बसवला, आणि ग्राइंडरची किंचाळी एकदम शेजारच्या गल्लीत गेली. चार वर्षं मी नुसती शोभा कानात घालून फिरत होतो!

पाकिटावर एक आकडा असतो, एनआरआर. किती डेसिबल आवाज कमी होईल त्याचा. फोमच्या चांगल्या बोळ्यावर २९ वगैरे लिहिलेलं असतं. पण तो प्रयोगशाळेतला आकडा. तिथं शिकवलेला माणूस, शांतपणे बसवलेला बोळा. आपल्या भाषेत सांगायचं तर तो डेमो, प्रॉडक्शन नव्हे. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेनं १९९८ मध्ये सांगितलं होतं, की प्रत्यक्षाचा अंदाज हवा असेल तर फोमच्या बोळ्याचा आकडा निम्मा धरा आणि हेडफोनसारख्या इअरमफचा पाव भाग कापा. म्हणजे २९ चा बोळा साडेचौदावर येतो आणि २४ चा मफ १८ वर. पाकिटावर हरलेला मफ इथं जिंकतो, कारण तो चुकीचा बसवणं अवघड आहे. आणि दोन्ही एकदम घातले तर बेरीज होत नाही, मोठ्या आकड्यावर साधारण पाचची भर पडते. म्हणजे २३.

पण २३ कशातून वजा करायचे? कारखान्यातला आवाज दिवसभर चालतो, म्हणून तिथं तासांचा हिशेब. निऑशच्या मते ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. गोळीचं तसं नाही. धमाका काही मिलिसेकंदांत संपतो. मोठा आवाज झाला की कानातला एक छोटा स्नायू आखडून थोडं रक्षण करतो, पण त्याला तेवढ्यात सावरताच येत नाही. आणि इतका तोकडा आवाज मेंदूला असतो तेवढा मोठा वाटतही नाही. म्हणून लोक म्हणतात, "पॉइंट टू टूला काय होतंय!" पॉइंट टू टू रायफलचा धमाका १४० डेसिबलच्या आसपास जातो, मोठ्या बोअरच्या बंदुका त्याच्या बऱ्याच वर. जागतिक आरोग्य संघटनेनं अशा धमाक्यासाठी मोठ्यांना १४० आणि लहान मुलांना १२० ही मर्यादा सांगितलीय. छोटी धड मोठी नाही, धड लहान नाही. मी लहानांचीच मर्यादा धरली. १४० वजा १२०, म्हणजे २० हवेत. नुसता बोळा पुरत नाही, नुसता मफ पुरत नाही, दोन्ही मिळून पुरतात. हे आकडे सलग आवाजासाठीचे, त्यामुळे गणित ढोबळच. पण निवड करायला पुरेसं आहे.

मफ घेताना आणखी दोन भानगडी. रायफलच्या दस्त्यावर गाल टेकवला की जाड मफ दस्त्याला आपटतो आणि उचलला जातो. म्हणून पातळ वाटीचा घ्यायचा, आणि दुकानात नुसता डोक्यावर घालून नाही, नेम धरायची पोज घेऊन बघायचा. दुसरं म्हणजे चष्मा. जाड काडीमुळे मफच्या गादीत फट पडते, आणि फट पडली की खेळ खलास. बॅटरीवाले मफही मिळतात, जे बोलणं मोठं करून ऐकवतात आणि धमाका दाबतात. छोटीचा जीव त्यावरच होता. पण आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांप्रमाणे स्पर्धेत खेळाडूला आवाज पकडणारं काही कानावर चालत नाही. मग ज्याच्याशिवाय स्पर्धा खेळायची, त्याची सवय कशाला लावा? साधाच घेतला.

सगळं घेऊन शनिवारी संध्याकाळी मामांकडे गेलो. टीव्ही नेहमीसारखा जोरात. मामांनी एका फाउंड्रीत बावीस वर्षं ग्राइंडर मारलाय. त्यांना ऐकू येतं, पण कळत नाही. आवाजाचा मार पहिल्यांदा बसतो तो वरच्या पट्टीला. स, श, फ, ख ही अक्षरं तिथंच असतात, बायका-पोरांचे आवाजही. मामी आतून काहीतरी विचारते, मामा भलतंच उत्तर देतात, आणि आम्ही सगळे हसतो. लहानपणापासून हसत आलोय. आतल्या कानात केसांसारखे तुरे असलेल्या पेशी असतात, एका कानात सुमारे पंधरा हजार. कोंबडीत मेल्या तर परत येतात, माणसात येत नाहीत. हे वाचल्यापासून मला ते हसणं जरा जड जायला लागलंय.

छोटी तोंड वाकडं करून बसलेली. "दादा, हे दोन्ही घातल्यावर सरांचं काही ऐकूच येत नाही. मला कळायला नको का, काय चुकतंय ते?"

मामांनी बोळा हातात घेतला, उलटापालटा करून बघितला. मला वाटलं आता म्हणणार, कापूस घाल की, एवढं काय त्यात. मी मोठ्यानं विचारलं, "मामा, तुमच्या वेळी हे मिळत नव्हतं ना?"

"मिळत हुतं की," मामा म्हणाले. "लॉकरात पाकिटं पडून असायची. मीच घातलं न्हाई. घातलं की ग्राइंडरचा आवाज कळत न्हाई, चाक कुठं अडकतंय ते कळत न्हाई, असं वाटायचं. काम चुकंल म्हणून न्हाई घातलं."

कुणी काहीच बोललं नाही. टीव्ही तेवढा ओरडत होता. छोटीनं जाऊन तो बंद केला. मग माझ्या समोर बसली आणि म्हणाली, "दाखव, कसं वळायचं ते."

आता त्यांच्या सरांशी ठरलंय. जे सांगायचं ते फायरिंग लाइनवर नाही, मागे येऊन, सगळ्यांच्या बंदुका खाली ठेवल्यावर. लाइनवर असेपर्यंत कानाला हात लावायचा नाही. बोळे रेंजच्या दारातच घालायचे, वर मफ. दोन रविवार झाले, शिट्टी नाही.

आणि मी? परवा फेटलिंगमधला स्कॅनर परत बंद पडला. पाच मिनिटांचं काम होतं. दारात उभा राहून दोन्ही बोळे वळले, पाळी ओढली, अर्धा मिनिट धरून उभा राहिलो. आतला एक ऑपरेटर बघून हसला. हसू दे. मामांना पुढच्या आठवड्यात तपासणीला नेतोय, यंत्र बसेल का बघायला. ते यायला तयार झालेत, हेच खूप आहे.