तळ पाहिल्याशिवाय

गतवर्षी भाद्रपदात आम्ही उभयता एडमंटनला मुलाकडे गेलो होतो. घरभाडे झेपेना, म्हणून त्याने जुने ‘फिफ्थ-व्हील’ घेऊन बाराही महिने त्यातच राहण्याचे ठरविले होते. पिकअप ट्रकच्या हौद्यात अडकवून ओढायचे हे चाकांवरचे घर. आतील पडदे, गालिचा पाहून सूनबाई हरखली. किंमतही बेताची होती.

मी मात्र कापडाचा व्यापारी. तागा उलगडल्याशिवाय सौदा करीत नाही. गुडघे टेकून खाली पाहिले. पाण्याच्या नळ्या व टाक्या उघड्याच. त्यांना ना आवरण, ना हीटरची ऊब. तेथे हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरतो. पाणी गोठून नळ्या फुटल्याच असत्या. खिडकीखालची भिंत अंगठ्याने दाबली, तर मऊ लागली. आत पाणी मुरले होते. सौदा मोडला. मुलगा खट्टू झाला.

महिन्याभराने त्याने दुसरे घेतले. दिसायला जुनाट, परंतु तळ बंदिस्त व उबदार, खिडक्या दुहेरी काचांच्या.

जानेवारीत नातीचा फोन आला, “आजोबा, बाहेर सगळं गोठलंय, पण आमच्या नळाला पाणी येतंय!”

हा नफा कोणत्या खात्यात मांडावा?