काटेसावरीखाली

वाचकहो, फेब्रुवारीत फुललेल्या काटेसावरीखाली तुम्ही कधी थांबला आहात काय? पुण्यात उभे आयुष्य काढूनही मी थांबलो नव्हतो. डिसेंबरात अँजिओप्लास्टी झाली, डॉक्टरांनी रोज चालण्याचे पथ्य घातले, आणि त्यांच्या परवानगीने पुढे वेताळ टेकडीच्या सपाट माथ्यावर आमचे फिरणे सुरू झाले. ‘आमचे’ अशासाठी, की पत्नी मला एकटे सोडीत नसे. ती दोन पावले मागे चाले. मी कोसळलो तर तिला दिसावे म्हणून. हे तिने सांगितले नव्हते, मी विचारले नव्हते. माझी बोटे नाडीवर, तिची नजर माझ्या पाठीवर.

एके सकाळी पायाशी ‘थप्’ असा आवाज झाला. मी दचकलो, त्या दिवसांत मी कशानेही दचकत असे. सावरीचे फूल पडले होते. पाच जाड, लाल पाकळ्या, मधोमध पुंकेसरांचा झुपका, आणि त्यात एव्हाना शिरलेल्या मुंग्या. वर पाहिले, तर झाडावर पान नाही आणि मकरंदासाठी मैना-बुलबुलांची झुंबड. निष्पर्ण फांद्यांवरची ती फुले पाखरांना दुरून दिसतात. मकरंद पिताना डोक्याला लागलेले पराग ती दुसऱ्या झाडावर पोहोचवतात.

पलीकडे गिरिपुष्पाच्या गुलाबी तुऱ्यांवर एक काळाभोर भुंगा घुमत होता. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेचे, म्हणून पुष्कळ निसर्गप्रेमी त्याला नाक मुरडतात. भुंगा मुरडीत नाही.

“अहो, लाकूड पोखरतो तो सुतारभुंगा हाच ना?” पत्नीने विचारले.

दोन महिन्यांत गोळ्या आणि पथ्य सोडून आम्ही बोललेले ते पहिले वाक्य. नाडी मोजायची राहून गेली, हे मला घरी आल्यावर आठवले.

असे थांबल्याने व्यायाम मोडत नाही काय, असे तुम्ही विचाराल. मीही डॉक्टरांना विचारले. “आधी सलग चाला, मग हवे तितके पाहा,” ते म्हणाले. म्हणून आम्ही जाताना चालतो, येताना पाहतो. मात्र छातीत दाटून आले, धाप लागली वा चक्कर आली, तर पुढच्या झाडाचा मोह धरू नका. तेथेच बसा आणि मदत मागवा.

परवा उतारावरच्या पळसाला काळसर मखमली कळ्या दिसल्या. त्या मला दिसल्या नव्हत्या खरे तर; पत्नी बरीच पुढे गेली होती आणि झाडाखालून मला हाका मारीत होती.