प्रस्थान ठेवण्यापूर्वीं

उन्हाळ्याची सुटी म्हटली म्हणजे आंबे, पन्हें, मुंजी आणि माजघरांत पसरलेलीं पाहुण्यांचीं अंथरुणें, एवढेंच चित्र आजवर आमच्या डोळ्यांपुढें येत असे. यंदाच्या मे महिन्यांत मात्र शिक्षकविनिमयाच्या एका योजनेनें आम्हांस सहा आठवडे विनावेतन मराठी शिकविण्यासाठीं मॉरिशस बेटांत बोलाविलें आहे. तें बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळें आपला वैशाख तो तेथील हिवाळ्याचा आरंभ. शाळा तेव्हां चालूच असतात. आमच्या कुटुंबानें पेटींत प्रथम ठेविली ती लोकरीची कानटोपी. तेथील थंडी सौम्य असते, असें आम्हीं दोनदां सांगून पाहिलें. टोपी जागची हललेली नाहीं.

बेट लहानसें, क्षेत्रफळ सुमारें १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या चतुर्थांशाहूनही कमी. घड्याळ आपल्याहून दीड तास मागें. ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची भूमि आणि तीवर उंसाचे मळे. या उंसानेंच आपलीं माणसें तिकडे नेलीं. १८३५ सालीं तेथील गुलामगिरी कायद्यानें संपली. मळेवाल्यांस मजूर हवे झाले. १८३४ च्या नोव्हेंबरच्या २ तारखेस ‘अॅटलस’ जहाज हिंदी मजुरांस घेऊन पोर्ट लुईस बंदरास लागलें, आणि पुढें सुमारें १९२० पर्यंत जवळजवळ पांच लक्ष माणसें करारानें बांधून त्या बंदरीं उतरलीं. त्यांत मुंबईच्या धक्क्यावरून गलबतांत चढलेले कोंकणांतील कष्टकरीही होते. ज्या घाटाच्या सोळा पायऱ्या चढून हीं माणसें आंत गेलीं, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ सालापासून जागतिक वारसा म्हणून जतन केला जात आहे.

आमच्या ऐंशी वर्षांच्या आत्याबाईंनीं विचारलें, “समुद्र ओलांडून आल्यावर प्रायश्चित्त काय घेणार रे तूं?” समुद्रयात्रा कलियुगांत वर्ज्य, हें आम्हीही पाठशाळेंत शिकलों होतों. आम्हीं हंसून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनांत राहिला. पोथी जपणारे आमचे पूर्वज किनाऱ्यावर राहिले. पोथी हातीं न धरलेले लोक पोटासाठीं पलीकडे गेले, आणि भाषा बरोबर घेऊन गेले. आज त्यांच्या वंशजांच्या घरांत बोलणें बहुधा क्रिओल भाषेंत चालतें. तरीही सरकारी प्राथमिक शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय आहे, मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत तिचें अध्यापन होतें, गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुटी असते, आणि कोंकणांतील जाखडी नाच तेथें ‘झाकरी’ या नांवानें नाचला जातो.

विनिमय म्हणजे देवघेव. त्या न्यायानें गेल्या डिसेंबरांत, तिकडील मोठ्या सुटींत, तेथील एक शिक्षिका आमच्या घरीं तीन आठवडे राहून गेल्या. मुलांनीं त्यांस लगेच ‘मावशी’ केलें. एके रात्रीं पानावर बसल्या असतां त्या सांगूं लागल्या, “माझी आजी एक गाणा म्हणत होती...” आम्हीं म्हटलें, “गाणें. नपुंसकलिंगी.” “होय गुरुजी,” म्हणून त्यांनीं सुधारलें. दोन वाक्यांनंतर आम्हीं पुन्हां टोकलें. तिसऱ्या खेपेस त्या किंचित् हंसल्या, आणि मराठींत आरंभलेली ती गोष्ट इंग्रजींत संपली. क्रिओलमध्यें निर्जीव वस्तूंस लिंगभेद नाहीं, हें आम्हांस मागाहून कळलें.

रात्रीं पाणी ठेवावयास आलेल्या सूनबाई हळूच म्हणाल्या, “मामंजी, गाणें कोणतें होतें, तें आपण ऐकलेंच नाहीं.”

चाळीस वर्षांच्या नोकरींत एवढा खरा शेरा आमच्या वहींत कोणा तपासनिसानेंही लिहिला नव्हता. त्यानंतर त्या बाईंनीं गाण्याचा विषय काढला नाहीं, आणि आम्हांस विचारण्याचा धीर झाला नाहीं.

म्हणून आमची खरी तयारी पारपत्राची नव्हे, कानांची आहे. व्याकरण शिकवूंच, तें आमचें काम आहे. परंतु तें लेखनाच्या तासाला. मूल बोलत असतां वाक्य पुरें होईपर्यंत गप्प बसावयाचें, असा अभ्यास आम्हीं नातवंडांवर चालविला आहे. नातू विचारतो, “आजोबा, तुम्हांला बरें नाहीं का?”

मुहूर्त विमानाच्या वेळेशीं जुळेना, म्हणून काल जुन्या रीतीनें शेजारच्या घरीं प्रस्थान ठेविलें. गांठोड्यांत मूठभर तांदूळ, सुपारी, धूतवस्त्र आणि एक कोरी वही. तांबडी पेन्सिल मुद्दाम घरींच ठेविली आहे. त्या बाईंस पत्र गेलें आहे. आल्यावर पहिल्या रविवारीं त्यांच्या घरीं येऊन आजींचें तें गाणें, त्या म्हणतील तसें, आम्हांस उतरून घ्यावयाचें आहे.