मार्गळीतील सकाळ

डिसेंबरच्या मध्यास तमिळांचा मार्गळी महिना लागतो. त्या दिवसांत चेन्नईस जाणार असाल, तर केवळ सायंकाळच्या मैफलींवर समाधान मानू नका. १९२७ च्या काँग्रेस अधिवेशनाबरोबर भरलेल्या संगीत परिषदेतून १९२८ साली म्युझिक अकादमी जन्मास आली. तेथे सकाळी सप्रयोग व्याख्याने होतात. एखाद्या स्वराच्या वळणावरही विद्वानांचा खल चालतो. ‘संगीत कलानिधी’ म्हणून निवडलेला कलावंत अध्यक्ष या नात्याने ती ऐकतो. पदवी मात्र हाती पडते १ जानेवारीला! भाषेची चिंता नको, वक्ता पुष्कळदा गाऊनच दाखवितो. हरिकथेवर व्याख्यान असेल तर अवश्य जा. तंजावरात रुजलेल्या मराठी कीर्तनातील साकी-दिंडी तेथे तमिळ कंठातून कदाचित तुमच्या कानी पडेल.