तारेत ओवलेली दुखणी

आमच्या पिढीच्या घरांत पत्रांची तार असे. खाली लाकडाची चकती, वर टोकदार आकडा. पत्र सगळ्यांचे वाचून झाले की तारेत ओवायचे. कार्ड, अंतर्देशीय, पाकीट, मनीऑर्डरची पावती, सगळे एकावर एक. तळाला आजोबांचा काळ आणि वर परवाचा मंगळवार. आता वाडे पाडायला निघाले आहेत आणि माळ्यावरून या तारा खाली उतरताहेत. त्या उलगडून वाचताना लक्षात येते, की आपल्या घराच्या दुखण्यांची अशी वही दुसरी कुठेच नाही.

आठवतात ना त्या ओळी? ‘इकडील सर्व क्षेम’ म्हणून सुरुवात, आणि तिसऱ्याच ओळीत, भाऊंना मुदतीचा ताप, आज एकविसावा दिवस. धाकटीला देवी काढल्या, दंड सुजला आहे. वन्संना कांजिण्या, कडुनिंबाचा पाला घातला. काकांचा हिवताप दिवसाआड येतोच आहे. गावाकडे पटकीची साथ आहे, सुटीत मुले पाठवू नयेत. नवज्वर, गोवर, डांग्या खोकला, आगपेण. आज डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ही नावे दिसत नाहीत, पण कार्डावर ती ठसठशीत निळ्या शाईत आहेत.

एक दुखणे मात्र कुणी लिहीत नसे. क्षयाला ‘छातीचे’ म्हणायचे, किंवा नुसते ‘हवापालटासाठी गेली आहे’. पण पोस्टाचा शिक्का काही लपवत नाही. मोठ्या काकूचे लागोपाठचे प्रत्येक कार्ड मिरजेच्या शिक्क्याचे निघाले, आणि मिरजेत आमचे कुणी नातेवाईक नव्हते! मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इस्पितळ काढले होते आणि पुढे वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. मजकुरात काकू फक्त हवेचे आणि दुधाचे लिहीत होती. बाकीचे त्या काळ्या वर्तुळाने सांगितले.

आणखी एक गोष्ट. अशुभाचे कार्ड तारेत जात नसे. त्यावर ‘श्री’ नसायचा, कोपरा फाडलेला असायचा. दारातच वाचायचे, फाडून टाकायचे आणि अंघोळीला जायचे. म्हणजे आज तारेत सापडतात ती बहुतेक बरे झालेल्यांची दुखणी. जे गेले त्यांचे मधेच पत्र येणे थांबते, एवढेच. घराचा आजार-इतिहास लिहायला बसणाऱ्याने ही रीत विसरू नये, नाहीतर आपले पूर्वज सगळ्या तापांतून उठले असेच वाटेल.

पोस्ट नुसती बातमी आणत नसे, औषधही देई. इंग्रजी अमदानीत पोस्टात पैशाला हिवतापावरच्या कोयनेलची पुडी मिळायची. १८९२ साली बंगालात सुरू झालेली ही सोय पुढे इतर प्रांतांत पसरली. डॉक्टर दहा कोसांवर, पोस्ट मात्र जवळ, असा साधा हिशेब. आमचे आजोबा कोयनेल म्हणताना तोंड कडू करीत, इतकी ती चव जिभेवर राहिली होती.

मग तिकिटे. १९५५ साली पंचवार्षिक योजनेच्या तिकिटांत हिवताप नियंत्रणाचे तिकीट आले, १९६२ साली हिवताप निर्मूलनाचे. दोन्हींच्या मधल्या वर्षांत फवारणीवाले घराघरात डीडीटी मारून जात आणि दाराशेजारी भिंतीवर तारीख टाकून जात. आई भांडी, पाण्याचे हंडे, लोणच्याच्या बरण्या, सगळे अंगणात काढायची. भिंतीवरची तारीख चुन्याखाली गेली, तिकीट तारेत राहिले.

१९६४ साली हाफकिनसाहेबांचे तिकीट निघाले. आमच्या आज्यांना ते दाखवले की गोष्ट सुरू व्हायची. घरात उंदीर पडले की गाव सोडायचे, माळावर झोपड्या घालायच्या, दिवेलागणीला मोजून माणसे आत घ्यायची. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. १८९९ पासून हे काम परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये चालू लागले. टोचून घ्यायला लोक भीत होते, सरकारी जुलमाने भाजून निघाले होते. तरी आज्या त्या माणसाबद्दल आदरानेच बोलायच्या. ‘आधी स्वतःला टोचलंन्,’ एवढे म्हणायच्या.

शाळेतली क्षयरोगाची सीले तर आपण सगळ्यांनी विकली. गांधीजयंतीला मोहीम सुरू व्हायची, बाई प्रत्येकाला सीलांचे तक्ते द्यायच्या. त्यावर दोन आडव्या रेघांचा लाल क्रूस. तिकीट म्हणून पोस्टात चालायचे नाही, पाकिटाच्या पाठीवर मात्र शोभायचे. मामा, काका, वाणी, शेजारचे पेन्शनर, सगळ्यांच्या गळ्यात ती जायची. ही कल्पना डेन्मार्कमधल्या आयनर होलबोल नावाच्या पोस्टातल्या माणसाची. नाताळच्या टपालाचे ढीग पाहून त्याला सुचले, की प्रत्येक पाकिटामागे एक छोटे सील विकले तर आजारी मुलांसाठी केवढा पैसा उभा राहील. १९०४ साली त्याने ते करून दाखवले.

पण मला सगळ्यांत मोलाचे वाटते ते पाच पैशांचे एक साधे तिकीट. मुळात कुटुंब नियोजनाचे, त्यावर त्रिकोण. नोव्हेंबर १९७१ पासून त्यावर ‘शरणार्थी सहायता’ असे छापून आले, आणि अंतर्देशीयावर, पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी ते चिकटवावेच लागे. बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे येत होते. छावण्यांत पटकी पसरली होती. बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापाशी सलाईन संपत आले, तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपे भरली आणि नातेवाइकांनाच रुग्णाला पाजायला सांगितले. तिथे शंभरातली तीसपर्यंत माणसे दगावत होती, ती संख्या चारच्या आत आली. आपण त्याला जलसंजीवनी म्हणतो. आपल्या आईने चिमूटभर मीठ, मूठभर साखर केले ते याच रस्त्याने घरात आले. ते तिकीट चिकटवताना आपल्याला यातले काहीच ठाऊक नव्हते.

आणि डॉ. आनंदीबाई जोशी. त्यांची कहाणी आपण वैद्यकाची म्हणून सांगतो, पण ती टपालाचीही आहे. त्यांचे पती गोपाळराव पोस्टात कारकून. बदली होईल तिथे बिऱ्हाड. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंशी आनंदीबाईंची ओळख झाली ती पत्रांतून, प्रत्यक्ष भेट फार नंतरची. कलकत्त्याला असताना डोकेदुखी, अशक्तपणा, बारीक ताप, धाप लागणे सुरू झाले, तर औषधे बाईंनी अमेरिकेहून पाठवली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टरकीची पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात सारे संपले. रक्षा पुन्हा समुद्रापार कार्पेंटरबाईंकडेच गेली. ती पत्रे कुणी रद्दीत घातली असती, तर एका मराठी मुलीचे दुखणे कसे वाढत गेले हे आपल्याला कोणी सांगितले असते?

म्हणून माळा आवरताना एवढे करा. तिकीट कापून काढू नका. शिक्का, पत्ता, तारीख यांच्यासकट ते पाकीट पाकीट राहू दे. गंजलेली तार कापा, कागद ओढू नका. आणि भाऊ कोण, वन्सं कोणाच्या, हे सांगणारे माणूस घरात असेल तर या आठवड्यातच बसवून घ्या आणि मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. कार्डावर नुसते ‘चि. सौ. ताईस’ असते, आणि ताई प्रत्येक घरात एक तरी असतेच.